शेवटच्या ओळीतलं नाव

मनोहरभाऊ गेल्याची बातमी मला फोनवर आलेल्या एका चित्रातून कळली. वर्ध्याला ऑफिसात मी टेबलाशीच बसून डबा खात होते. काळ्या पाटीवर एका कोपऱ्यात समई, मध्ये भाऊंचा कुणाच्या तरी लग्नात काढलेला फोटो आणि खाली पिवळ्या अक्षरांत नाव. खरं सांगते, नाव मला आधी दिसलंच नाही. आधी दिसली ती तुटलेली रेघ. नाव रुंद दिसावं म्हणून कोणीतरी अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं आणि वरची शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगवेगळी, तुकड्यातुकड्यांनी लटकत होती. हे भाऊंना दाखवलं पाहिजे, किती चिडतील, असं मनात येऊन गेलं... आणि मग ते नाव कोणाचं आहे ते मी वाचलं. डबा तसाच झाकून ठेवला. भाऊ दुपारी जेवून खाटेवर पडले होते म्हणे. वहिनी चहाला उठवायला गेल्या, तर उठलेच नाहीत.

त्याला आता दीड महिना झाला. सेलूत भाऊंबद्दल वाईट बोलणारं माणूस मला भेटलं नाही. पण चांगलं बोलून झालं की शेवटी एक शेपूट लागतंच. "माणूस देव होता, पण जामवाल्यांच्या पत्रिकेत सख्खा मामा खाल्ला त्यानं." जाम गावच्या त्या पत्रिकेतून मामाचं नाव गळालं, त्या लग्नाला आठ वर्षं झाली, मुलीला दोन लेकरं झाली, तरी हे वाक्य काही मरत नाही. भाऊ मात्र गेले. ती चूक भाऊंची नव्हती, माझी होती. एवढं सांगायलाच मी हा लेख लिहायला बसले आहे. बाकीचं त्या ओघात येईल ते येईल.

भाऊंचं दुकान सेलूच्या बस स्टँडच्या मागे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला लागून जुन्या पत्रिकांचे गठ्ठे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, तेरवीची कार्डं, शाळांचे वार्षिक अंक अशी सगळी कामं यायची. पान इथं लागायचं, म्हणजे मजकुराची मांडणी इथं व्हायची, आणि छापून वर्ध्याहून यायचं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना तिथं कामाला लागले. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं आणि मी तर कॉलेजात होते, वर तीन महिन्यांच्या कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट. मला सगळं येतं, असं भाऊंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली आणि एका कापड दुकानाचं हँडबिल माझ्यापुढे ठेवलं. मी काय करावं? मोठ्या अक्षरातली ओळ पानभर पसरावी म्हणून अक्षरांच्या अंतराचा आकडा वाढवत नेला. दिसायला भरगच्च दिसलं. भाऊ मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच म्हणाले, "हे कोर्समधी शिकवलं का तुले?"

मला राग आला. तो त्यांना दिसला असणार, कारण शेजारची खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगितलं. इंग्रजीची अक्षरं सुटी सुटी राहतात, भाडेकरूंसारखी. त्यांना दूर करा, जवळ करा, कोणाची तक्रार नाही. आपली अक्षरं एका छपराखाली राहतात. "त्याईच्यात अंतर टाकलं का छप्पर फाटते, अन् मंग घर गळते. जागा द्याची तर दोन शब्दांच्या मधात दे." मग त्यांनी माझा आकडा शून्यावर आणला, शब्दांमधली जागा किंचित वाढवली, अक्षर दोन पॉइंटांनी मोठं केलं, आणि ओळ पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शांतपणे पसरली. त्या दिवसापासून रस्त्यानं जाताना मला पाट्या वाचता येत नाहीत. रेघच दिसते आधी.

भाऊंचं हे ज्ञान कॉम्प्युटरचं नव्हतंच. तरुणपणी ते वर्ध्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, आणि दोन ओळींच्या मध्ये शिशाचीच पातळ पट्टी सारायची. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्या वयात दोन बोटांनी टाइप करत ते पान लावायचं सॉफ्टवेअर शिकले. पण बोटातली पट्टी काही गेली नाही. ओळींमधलं अंतर अर्ध्या पॉइंटानं कमी करायचं असलं की आकडा टाकण्याआधी त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप एकमेकांवर घासायचं, जणू पट्टीची जाडी चाचपून पाहत आहेत. मला हसू यायचं. आता मी वर्ध्याला एका शिक्षणसंस्थेत परिपत्रकं आणि माहितीपुस्तिका लावते, आणि परवा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, मॅडम, तुम्ही बोटं काय घासता?

पत्रिकेच्या दिवसांत दुकानात उभं राहायला जागा नसायची. आमच्याकडची पत्रिका म्हणजे अर्धी गावाची यादी असते. आजोबा, पणजोबा, काका, आत्या, मामा, मावश्या, आणि खाली लेकरांची वेगळी ओळ. कागद तेवढाच आणि माणसं वाढत जाणारी. भाऊंचा एकच कायदा होता: नाव कापायचं नाही, जागा करायची. ओळी थोड्या जवळ घ्या, समास रेघभर कमी करा, देवाचं चित्र लहान करा, देव काही म्हणत नाही. पण माणूस बाहेर राहिला नाही पाहिजे. एकदा धानोलीचे एक आजोबा आले. लग्न धाकट्या मुलाचं होतं आणि थोरली सून दिवसांवर होती. लग्नाआधी ती बाळंत होणार, तर लेकरांच्या ओळीत तेवढी जागा सोडा म्हणाले. मुलगा होईल का मुलगी, नाव काय, कशाचा पत्ता नाही. मला वाटलं भाऊ हसण्यावारी नेतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "तीन अक्षरी नाव ठेवसान का चार अक्षरी?" आजोबा म्हणाले, तीनच धरा. भाऊंनी तीन अक्षरांची जागा मोकळी सोडली. पुढे मुलगी झाली, आणि आजोबांनी घरोघरच्या पत्रिकेत त्या जागेवर पेनानं नाव लिहिलं... बरोबर बसलं म्हणे.

नावं लावायची एक रीत असते, ती सांगितल्याशिवाय माझी चूक समजायची नाही. यादी देणारा माणूस लांबच्यांची नावं वर लिहितो. चुलत घरचे, मानाचे, रुसणारे आधी. जो अगदी घरचा, सख्खा, तो शेवटी. आपल्याच माणसाला वर काय बसवायचं, तो काही रागावत नाही, असा हिशेब. म्हणजे यादीतलं सगळ्यात जवळचं नाव सगळ्यात खाली, कडेला असतं.

जामच्या एका दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं. मुलीचा सख्खा मामा हिंगणीचा, आणि आमच्याकडे लग्न लागताना मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. पत्रिकेत मामांची यादी लांब, चुलत-मावस धरून अकरा जण, आणि रीतीप्रमाणे सख्खे मामा शेवटी. माझी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आठवड्यावर आली होती. भाऊ सकाळीच वर्ध्याला छपाईच्या कामाला गेले होते. नावं वाचताना नेहमी दोघं लागायचे. एकानं हातानं लिहिलेल्या कागदावरून वाचायचं, दुसऱ्यानं छापील पानावर बोट ठेवायचं. त्या दिवशी भाऊंनी जाताना सांगितलंही, कोणाले तरी धरून वाचून घेजो. मी एकटीनंच वाचलं. वाचल्यावर मामांची यादी मला दाटीवाटीची वाटली. चांगली दिसावी म्हणून मी ओळींमधलं अंतर अर्ध्या पॉइंटानं वाढवलं. छान मोकळी झाली यादी. पण मजकुराची चौकट तेवढीच होती. दहा नावं पसरली आणि अकरावी ओळ चौकटीच्या खाली सरकून दिसेनाशी झाली. असं झालं की सॉफ्टवेअर चौकटीच्या पायाशी एक लहानशी लाल खूण दाखवतं. पत्रिकेची किनारही लालच होती, वेलबुट्टीची. मला खूण दिसली नाही.

संध्याकाळी भाऊ आले, पान लांबून पाहिलं. ते पान नेहमी लांबूनच पाहायचे, डोळे अर्धे मिटून. म्हणायचे, काळं नको पाहू, पांढरं पाह्य. यादीकडे पाहून मला म्हणाले, हवा चांगली ठेवली वो; ओळींमधल्या मोकळ्या जागेला ते हवा म्हणायचे. त्या कौतुकावर मी दोन दिवस तरंगत होते. पत्रिका छापून आल्या, वाटून झाल्या.

आणि मग एका सकाळी मुलीचे वडील दोन माणसं घेऊन दुकानात आले. हिंगणीच्या मामांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि परत पाठवली होती. मी येणाऱ्यांना पाणी द्यायला माठाशी गेले होते, पेला हातात होता. ते भाऊंना काय काय बोलले ते लिहीत नाही. दारात चार माणसं जमली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "कालेजातली पोट्टी बसवली म्हणते तुम्ही. हिनंच केलं ना हे?"

भाऊ खुर्चीतून उठले नाहीत. "तिचं पान नाई ते," ते म्हणाले. "मीच लावलं."

मी बोलायला हवं होतं. पेला खाली ठेवून एक वाक्य म्हणायचं होतं, एवढंच. पण त्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात वडील जो भेटेल त्याला सांगत होते, पोरगी बी.ए. होऊन राह्यली. जिनिंगमधले हमाल त्यांना गमतीनं बी.ए.चे बाप म्हणायचे आणि ते खूश व्हायचे. मला वाटलं, आता सगळीकडे होईल, बी.ए. शिकली पण अकरापर्यंत मोजता येत नाही. मी गप्प उभी राहिले. पाहुण्यांनी पाणी घेतलं नाही, तो पेला मीच संपवला.

ते गेल्यावर भाऊंनी माझ्या कॉम्प्युटरवरची फाइल आपल्याकडे घेतली आणि पान पुन्हा लावलं. मी मान वर करून पाहिलं नाही, हिंमतच झाली नाही. जाड कागदावर त्यांनी दुकानातच एक पत्रिका काढली, पिशवीत ठेवली, आणि मोपेडवर हिंगणीला निघून गेले. उन्हं उतरल्यावर परत आले. काय झालं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुकान बंद करताना कुलूप लावून झाल्यावर एवढंच म्हणाले, "शेवटची ओळ आधी पाहत जाजो. जवळचं माणूस तिथंच असते."

मामा लग्नाला आले. भाचीच्या पाठीशी उभे राहिले, अक्षता पडल्या, आणि न जेवता निघून गेले. हे सगळ्या पंचक्रोशीला कळलं. जामची कामं नंतर आमच्याकडे आली नाहीत. भाऊंना कोणी टोमणा मारला की ते म्हणायचे, हो, नजर चुकली बापा, आणि पुढच्या कामाला लागायचे. मी शेजारी बसलेली असायची.

माझा निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन दुकानात गेले. भाऊंनी पेढा तोंडात टाकला आणि कॉम्प्युटरकडे वळले. पत्रिकेच्या उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर माझं नाव आणि पुढे बी.ए. असं छापून दिलं. नाव आणि पदवी यांच्यामध्ये नेहमीपेक्षा जराशी जास्त जागा होती. मी विचारलं, एवढी काऊन? तर म्हणाले, "डिग्री नावाले चिकटू नाई देजो. नाव बापाचं हाय, त्याले श्वास घेऊ दे." वडिलांनी तो तुकडा कितीतरी दिवस शर्टाच्या खिशात ठेवला होता.

पुढे वर्ध्याची नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी ठरवून दुकानात गेले होते. म्हटलं, "भाऊ, त्या जामच्या पत्रिकेचं..." ते स्क्रीनकडेच पाहत होते. म्हणाले, "थांब, एवढी ओळ बसू दे." ती ओळ बराच वेळ बसत नव्हती. आकडा खाली घेतला, वर घेतला, पुन्हा होता तिथं आणला. भाऊंना ओळ बसवायला एवढा वेळ लागत नसे, हे मला चांगलं ठाऊक होतं. मग म्हणाले, जाय, बस निघून जाईल तुही. मी निघाले. त्यांना ऐकायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. मलाही सांगायचं नव्हतं, हे त्यातलं जास्त खरं.

नंतर फोन चालू होते. एखादं पान लावलं की मला फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, हवा बरोबर हाय का? त्यांना माझी गरज नव्हती, पण विचारायचे. भाऊंचा फोटो यायच्या वेळी, दुपारी चारच्या सुमाराला, अजूनही फोन वाजला की माझा हात लगेच जातो. बँकेचा मेसेज असतो, नाहीतर कोणाचं तरी सुविचाराचं चित्र. हवा बरोबर आहे का, असं आता मला कोणी विचारत नाही, आणि मी विचारावं असंही कोणी राहिलं नाही.

तेरवीचं कार्ड मीच लावलं. वहिनींनी वहीच्या पानावर यादी लिहून दिली होती. भाऊंच्या खुर्चीत बसायला धीर होत नव्हता, मग स्टूल ओढून बसले. सवयीनं नजर आधी शेवटच्या ओळीवर गेली. पुतणे, भाचे, व्याही, सगळे वर, आणि सगळ्यांच्या खाली वहिनींनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, कमल. माझ्यानं पुढं टाइप होईना. तिथंच वहिनींना सगळं सांगितलं. पत्रिका, अर्धा पॉइंट, पाण्याचा पेला, आठ वर्षं. मला वाटलं रडतील, नाहीतर म्हणतील, जाऊ दे, मला ठाऊकच होतं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. भाऊंनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "मले काऊन सांगतं? ज्याचं नाव गेलतं त्याले सांग."

म्हणून मागच्या रविवारी मी हिंगणीला गेले. मामा आता थकलेत. अंगणात बाजेवर बसून तुरीची डाळ पाखडायला सुनेला मदत करत होते, म्हणजे खडे वेचत होते. ओळख दिली, बसले, आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर सून सूप घेऊन आत निघून गेली आणि ते डाळीचा एक दाणा बोटात धरून फिरवत राहिले.

"तू बसली ना, तिथंच उभा होता तो," शेवटी म्हणाले. "हात जोडून. म्या त्याले बस म्हटलं नाई. पाणीबी नाई पुसलं. उन्हाचा आलता."

मग काठी टेकत आत गेले. सुनेला हाक न मारता स्वतःच पाण्याचा गडवा घेऊन आले, आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली एक पत्रिका. भाऊंनी नेऊन दिलेली तीच. मी ती त्या दिवशी पाहिली नव्हती, आता पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं होतं, मी वाढवलेला अर्धा पॉइंट भाऊंनी काढून टाकला असेल आणि अकरावं नाव वर आलं असेल. तसं नव्हतं. वरची दहा नावं त्यांनी केसाएवढी जास्त जवळ घेतली होती, दिसणार नाही इतकी, आणि तेवढी सगळी उरलेली जागा शेवटच्या नावाच्या वर ठेवली होती. ते नाव दाटीत नव्हतं, मोकळं उभं होतं. कोणाला सांगितलं असतं तरी दिसलं नसतं. मला दिसलं, कारण मला त्यांनीच पाहायला शिकवलं होतं. कागदावरचं ते पांढरं मी बोटानं चाचपत बसले...

"त्यानं चूक केलीच नव्हती, अन् मी त्याले चार लोकांत बोललो," मामा म्हणाले. "तू मले सांगून मोकळी झाली, बाई. आता मी कोणाले सांगू?"

मी गडव्यातलं पाणी प्यायले. उठताना सांगितलं की मी हे पेपरच्या पुरवणीत लिहिणार आहे, माझी चूक माझ्या नावानं. त्यांनी पत्रिका परत घेतली, कागदात नीट गुंडाळली. "मंग पाण्याचंबी लिहिजो. त्याले पाणी नाई पुसलं म्हणून. अन् कोणं नाई पुसलं, तेबी टाकजो." मी विचारलं, नाव घालू तुमचं? ते म्हणाले, "टाक ना. या खेपेले सुटू नाई देजो."

लिहिलं आहे, मामाजी. नारायणराव गोमाजी, हिंगणी.